सम्प असलेल्या मत्स्यालयाला हीटर कसा निवडावा?



डिसेंबर उजाडला की नाशिक, पुणे, नागपूरकडच्या घरांत एक प्रश्न हमखास येतो. फिशटँकमधले मासे तळाशी गप्प बसतात, खात नाहीत, काहींच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. मग दुकानात जाऊन "एक हीटर द्या" म्हटलं जातं. पण कितीचा? एक की दोन? ठेवायचा कुठे? या प्रश्नांची उत्तरं आठवी ते दहावीच्या विज्ञानात आहेत. घरात टाकी असेल तर ती मुलांसोबत काढून बघा.

आधी सम्प म्हणजे काय?

मुलं हा शब्द ऐकून हसतील. हा कामगारांचा संप नव्हे! मोठ्या टाकीच्या खाली कपाटात ठेवलेली दुसरी छोटी टाकी म्हणजे सम्प. वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून खाली येतं, सम्पच्या कप्प्यांतून गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. म्हणजे टाक्या दोन, पण पाणी एकच. म्हणून हिशोब करताना दोन्हींचं पाणी धरायचं.

आपलं उदाहरण असं: वरची टाकी १५० लिटर, सम्पमध्ये ५० लिटर, एकूण २०० लिटर.

हीटरची गरज आहे का?

गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा हे उष्ण भागातले मासे. त्यांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं. डिस्कसला २८ ते ३० लागतं. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा मासा, त्याला हीटर नको. कोकणपट्टीत तर अनेक घरांत हीटरशिवायच भागतं. म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची करा. आठवडाभर पहाटे आणि दुपारी नोंद ठेवा. दिवसरात्रीत फार चढउतार होत असतील, तर हीटर हवा. चढउतारांनी मासे अशक्त होतात आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तेव्हाच जोर धरतो.

किती वॉटचा?

बाजारात "लिटरला एक वॉट" असा ठोकताळा सांगतात. तो बरा आहे, पण आपण मोजून बघू.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. २०० लिटरला ८,४०,००० ज्यूल. २०० वॉटचा हीटर सेकंदाला २०० ज्यूल देतो. भागाकार करा: ४,२०० सेकंद, म्हणजे ७० मिनिटं. एका अंशाला जवळपास सव्वा तास! पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, हे मुलांना इथे आकड्यांत दिसतं.

आता टाकीतून उष्णता किती निसटते ते बघा. थंड रात्री पंप चालू ठेवून हीटर तासभर बंद करा. समजा खोली १८ अंश, पाणी २५ अंश, आणि तासाभरात पाणी अर्धा अंश उतरलं. अर्ध्या अंशाचे ४,२०,००० ज्यूल भागिले ३,६०० सेकंद, म्हणजे सुमारे ११७ वॉट. खोली आणि पाण्यात ७ अंशांचा फरक राखायला एवढी शक्ती लागते. ढोबळ मानाने प्रत्येक अंशाच्या फरकाला १७ वॉट.

एक मोठा की दोन लहान?

इथे खरी गोम आहे. हीटरमधला थर्मोस्टॅट कधीतरी बिघडतोच. आतली द्विधातू पट्टी वाकते, संपर्क जुळतो किंवा तुटतो, आणि हजारो वेळा असं झाल्यावर ते बिंदू चिकटून बसू शकतात. मग हीटर बंदच होत नाही.

समजा २०० वॉटचा एकच हीटर असा चिकटला. २०० भागिले १७, म्हणजे पाणी खोलीपेक्षा जवळपास १२ अंश वर जाईल. दुपारी खोली २६ अंश असेल तर पाणी ३८ च्या दिशेने चढेल. मासे जगणार नाहीत. शिवाय पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजनही कमी होतो.

आता १०० वॉटचे दोन घ्या. एक चिकटला तर पाणी खोलीपेक्षा ६ अंशच वर, म्हणजे ३२. मासे धापा टाकतील, पण तुमच्या लक्षात येईपर्यंत तग धरू शकतील. आणि एक बंद पडला तर? १८ अंशांच्या रात्री उरलेला एकटा पाणी २४ वर धरून ठेवेल. किंमत थोडी जास्त, पण दोन्ही बाजूंनी सांभाळ होतो. एक हीटर २५ वर आणि दुसरा साडेचोवीसवर लावा.

ठेवायचे कुठे?

सम्पमध्ये ठेवणं सोयीचं. हीटर दिसत नाही, मासे त्याला चिकटून भाजत नाहीत. पंप तासाला ६०० लिटर पाणी फिरवत असेल तर २०० वॉटमुळे खालच्या आणि वरच्या पाण्यात फक्त ०.३ अंशांचा फरक पडतो. पण तीन गोष्टी सांभाळा.

१. पंपाच्या कप्प्यात हीटर नको. बाष्पीभवनाने पाणी आटतं ते याच कप्प्यात. काचेचा हीटर उघडा पडून तापला आणि वरून गार पाणी ओतलं, की तडकतो. पातळी कायम राहते अशा मधल्या कप्प्यात, पाणी वाहतं राहील असा, पूर्ण बुडवून ठेवा.

२. वेगळा कंट्रोलर वापरत असाल तर त्याचा सेन्सर हीटरजवळ, सम्पमध्येच ठेवा. सेन्सर वरच्या टाकीत असेल आणि पंप बंद पडला, तर? वरचं पाणी गार होत राहतं, सेन्सर "अजून तापव" म्हणत राहतो आणि सगळी उष्णता खालच्या ५० लिटरमध्ये जाते. तिथे एका अंशाला साडेसतरा मिनिटंच पुरतात.

३. वरच्या टाकीत साधा थर्मामीटर हवाच. पंप थांबला तर सम्पमधला हीटर वरच्या माशांच्या उपयोगाचा नाही, आणि हे तुम्हाला फक्त वरचा थर्मामीटरच सांगेल.

जिवाशी खेळ नको

अंघोळीच्या बादलीतला रॉड टाकीत कधीही घालू नका. त्यात थर्मोस्टॅट नसतो. १,५०० वॉटचा रॉड आपलं २०० लिटर पाणी सुमारे सव्वानऊ मिनिटांत एक अंशाने चढवेल, आणि विजेचा धक्का बसण्याचा धोका वेगळाच.

पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि पंपाचे प्लग काढायचे, हा नियम मुलांच्या अंगवळणी पाडा. हीटर बाहेर काढायचा असेल तर बंद करून पंधरावीस मिनिटं पाण्यातच निवू द्या. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारा थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाही. घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एमसीबी वायरिंग वाचवतो, धक्का बसलेल्या माणसाला नाही.

मुलांसाठी स्वाध्याय

१. तुमच्या टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. गुणाकाराला १,००० ने भागून लिटर काढा. सम्प असेल तर त्याचं पाणी मिळवा.
२. टाकीवर काचेचं झाकण ठेवून आणि न ठेवता, रात्री एका तासात तापमान किती उतरतं? फरक का पडतो?
३. वीज गेली तर हीटर आणि पंप दोन्ही बंद पडतात. अशा रात्री टाकीभोवती ब्लँकेट गुंडाळण्याने काय होईल? ब्लँकेट स्वतः उष्णता देतं का?

तिसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद होऊ द्या. उत्तर लगेच सांगू नका.