गरीब कुटुंबाचा विश्वास : मिशन रुग्णालये आणि जामखेडचा धडा

औषध मोफत आहे, डॉक्टर हजर आहेत, खाटही रिकामी आहे. तरीही आजारी मूल अगदी अखेरच्या घटकेला रुग्णालयात आणले जाते. धर्मादाय रुग्णालय चालविणाऱ्या प्रत्येकाचा हा अनुभव आहे आणि त्याचे कारण देणगीदार आम्हांस वारंवार विचारतात. या प्रश्नाचा विचार करताना ख्रिस्ती मिशनच्या वैद्यकीय कार्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. परका देश, परकी भाषा आणि परका धर्म अशा तिहेरी अंतरावरून त्या मंडळींना लोकांचा विश्वास मिळवावा लागला.

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले व १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. शल्यविशारद म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली. हा विश्वास डॉक्टरांच्या हातगुणावर होता. त्याचा लाभ मात्र मिरजेपर्यंत पोहोचू शकणाऱ्यालाच होई.

पुढचा टप्पा आमच्या भूम तालुक्याच्या सीमेपलीकडे, जामखेडला गाठला गेला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे भारतीय ख्रिस्ती दांपत्य. अमेरिकन मिशनरी डॉ. आयडा स्कडर यांनी स्थापन केलेल्या वेल्लोरच्या संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. नंतर वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना, बरी होऊन गेलेली मुले त्याच टाळता येण्याजोग्या आजारांनी पुन्हा दाखल होतात, हे त्यांनी पाहिले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली ते जामखेडला आले. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बालकांपैकी सुमारे १७६ वर्षाच्या आत दगावत.

लवकरच दुष्काळ पडला. लोकांना प्रथम हवे होते अन्न आणि पाणी. आरोग्याचा क्रम त्यानंतरचा. आरोळे दांपत्याने तो क्रम मान्य केला. गावकऱ्यांच्या सहभागाने मुलांच्या आहाराची सोय झाली, विंधनविहिरी खोदल्या गेल्या. हातपंप बसविण्यासाठी दलित वस्तीतील जागा आवर्जून निवडल्या गेल्या. पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे यावे लागले. वैद्यकीय प्रकल्पाच्या इतिहासात हातपंपाच्या जागेला इतके महत्त्व क्वचितच आले असेल.

त्याहून मोठा धडा पुढे आहे. बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित परिचारिकांना गावाने फारसे जवळ केले नाही. तेव्हा गावाने निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करीत. जुलाब लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी पाजा, हे डॉक्टरांनी सांगणे आणि स्वतः चार लेकरे वाढविलेल्या शेजारणीने चुलीपाशी बसून सांगणे, यांत फार अंतर आहे. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. काम पुढे चालू राहिले. २००५ नंतर देशभर दिसू लागलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीची कल्पनाही याच वाटेने जाते. आमच्याच जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ स्त्रिया घडविल्या, हेही येथे नोंदविले पाहिजे.

धर्माचा मुद्दा टाळून हा विषय पुरा होत नाही. मिशनच्या सेवेमागे धर्मांतराचा हेतू असल्याची शंका समाजात होती, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे आम्हांस वाटत नाही. जामखेडच्या कामात मात्र सर्व जातिधर्मांचे लोक आपला धर्म न सोडता सामील झाले. तुळजापुरात हे विशेष ध्यानी घ्यावे लागते. गोवर आलेल्या लेकरासाठी आई भवानीला नवस बोलते. त्या नवसाची थट्टा करणाऱ्या डॉक्टरकडे ती दुसऱ्यांदा येत नाही. नवस राहू द्यावा आणि लसीची तारीखही सांगावी.

गरिबाला मोफत उपचारही महागच पडतो. सोबत थांबणाऱ्याची मजुरी बुडते, घरी जनावरे उपाशी राहतात, एस.टी.च्या भाड्यासाठी उसनवारी होते. दसऱ्याच्या सुमारास आपल्या भागातील ऊसतोड टोळ्या उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. मग गर्भवतीची तपासणी व बाळाचे डोस मध्येच तुटतात. म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, नव्या यंत्रसामग्रीआधी गावोगावच्या सेविकांच्या मानधनाची व प्रवासाची तरतूद व्हावी, आणि टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक मातेच्या हाती तिचे व बाळाचे नोंदपत्रक पडावे. म्हणजे उसाच्या फडाजवळचा कोणताही दवाखाना तेथून पुढे उपचार चालू ठेवू शकेल.