लैंगिक दुर्बलतेवरील औषधे : लाज सोडा, सावधगिरी सोडू नका



स्मरणिकेत धम्म, शिक्षण, संघटन यांवर दरवर्षी लेख असतात. या वर्षी आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत तो विषय चारचौघांत निघाला की माणसे मान खाली घालतात. पुरुषाच्या लिंगाला संबंधासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या, हा तो विषय. अशा पवित्र अंकात हे कशाला, असे काहींना वाटेल. त्यांना आम्ही इतिहासातील एका घटनेची आठवण करून देतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचक आपल्या लैंगिक अडचणी पत्राने विचारीत आणि कर्वे शास्त्राला धरून उत्तरे देत. त्या उत्तरांना अश्लील ठरवून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही आणि लोकांच्या शंकांना जाणकाराने उत्तर दिलेच पाहिजे, ही बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारण्याचा हक्क बाबासाहेबांनी आपला मानला. पुढे १९३७ साली तेच बाबासाहेब खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या जागेला वंदन करणाऱ्या आम्ही खान्देशी माणसांनी तरी या विषयाला लाजू नये.

दुःख आणि दुःखाचे कारण

तथागतांनी आधी दुःख ओळखा, मग त्याचे कारण शोधा असे शिकविले. चांगला वैद्यही हेच करतो. एखाद्या वेळी थकव्याने, काळजीने ताठरता न येणे हा रोग नव्हे. परंतु ही अडचण काही महिने सतत राहिली तर तिला कारण असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, तंबाखू, विडी, दारू, मानसिक ताण, उदासीनता, तसेच रक्तदाबाची किंवा मनोविकाराची काही औषधे ही नेहमीची कारणे होत. पहाटे झोपेत ताठरता येते पण संबंधाच्या वेळी येत नाही, असे असेल तर कारण बहुधा मनाशी निगडित असते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी अरुंद होतात. पुष्कळांना छातीत दुखण्याच्या काही वर्षे अगोदर ही तक्रार सुरू होते. म्हणजे ज्याला आपण लाज समजून लपवितो ती हृदयाने दिलेली पूर्वसूचना असू शकते.

हा दोष मागच्या जन्मीच्या पापाचा नाही, तारुण्यातील हस्तमैथुनाचा नाही, आणि बायकोचा तर मुळीच नाही. मूल न होणे ही वेगळी बाब आहे. ताठरता नीट असूनही शुक्रजंतू कमी असू शकतात. तपासणी पतीचीही झाली पाहिजे. ती टाळून सुनेला माहेरी पाठविणे हा अन्याय आहे.

गोळी काय करते

सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयविकाराच्या छातीदुखीसाठी तपासले जात होते. तपासणीत त्याचा हा दुसरा गुण ध्यानात आला आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. टाडालाफिल हे त्याच गटातील औषध. ही औषधे रक्तवाहिन्या सैल करून लिंगात रक्त भरण्यास मदत करतात. मनात इच्छा नसेल तर ती काहीच करीत नाहीत. ती वासना वाढवीत नाहीत, वीर्य वाढवीत नाहीत आणि मूळ रोगही बरा करीत नाहीत.

सिल्डेनाफिल साधारण एक तास आधी घेतात. प्रथम सहसा ५० मिलिग्रॅम देतात. पासष्टीच्या पुढे किंवा यकृत, मूत्रपिंड बिघडलेले असल्यास २५ मिलिग्रॅम. चोवीस तासांत एकदाच, आणि १०० मिलिग्रॅमच्या वर कधीही नाही. तेलकट, जड जेवणावर घेतल्यास गुण उशिरा येतो. टाडालाफिलचा परिणाम छत्तीस तासांपर्यंत राहतो, म्हणून आज गुण आला नाही असे समजून लगेच दुसरी घेऊ नये. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, अपचन हे त्रास होतात व बहुधा आपोआप जातात.

जीवावर बेतणारी चूक

समजा, पंचावन्न वर्षांचा एक ट्रक ड्रायव्हर आहे. त्याच्या खिशात छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटची गोळी असते. ढाब्यावर एक मित्र त्याला 'जोशाची गोळी' देतो. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातील औषध आहे. तेही रक्तवाहिन्या सैल करते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्याने या गोळ्या कधीही घेऊ नयेत.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ही गोळी घेतल्यावर छातीत दुखले तर घरातील सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे आणि कोणती गोळी किती वाजता घेतली हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट टाळावे लागते. हे पत्नीलाही माहीत असले पाहिजे, कारण त्या वेळी बोलण्याची शुद्ध पुरुषाला असेलच असे नाही.

नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला, रक्तदाब फार कमी असलेला, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी घेणारा, किंवा एचआयव्ही व बुरशीवरील काही औषधे चालू असलेला रुग्ण असेल, तर हे सर्व डॉक्टरांना आधी सांगावे. ताठरता चार तासांहून अधिक राहिली, एकाएकी दिसेनासे किंवा ऐकू येईनासे झाले, तर ताबडतोब रुग्णालयात जावे. दारूबरोबर गोळी घेणे म्हणजे रक्तदाब आणखी खाली ढकलणे होय. पाचवे शील पाळणाऱ्यास हा धोका नाही.

मार्ग

भिंतींवर 'गुप्तरोग, शंभर टक्के गॅरंटी' अशा जाहिराती रंगविलेल्या असतात, रस्त्याकडेला तंबू लागतात, लॉजवर ठरावीक वारी कुणी 'डॉक्टर' येतो. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जो कायदा मोडून औषध विकतो त्याच्यावर आपण आपला जीव सोपवावा काय? 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकलेल्या चूर्णांत हेच सिल्डेनाफिल गुपचूप मिसळल्याचे तपासण्यांत अनेकदा आढळले आहे. त्यात मात्रा किती, हे घेणाऱ्याला कळत नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश येथेही लागू आहे.

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. चिठ्ठी दाखवून दुकानातून घ्यावीत, बिल मागावे, मुदत पाहावी. त्याआधी साखर, रक्तदाब, चरबी यांची तपासणी करावी. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. सांगताना 'अशक्तपणा वाटतो' असे मोघम न म्हणता स्पष्ट शब्दांत सांगावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. शक्य तर पत्नीला सोबत न्यावे.

तंबाखू सुटली, साखर ताब्यात आली, रोज चालणे झाले, तर कित्येकांना गोळीची गरज कमी पडते. आणि गोळी लागलीच तर त्यात कमीपणा नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण हसत नाही.

बांधवहो, बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्यांची बाजू न्यायालयात मांडली. आपण निदान दवाखान्यात जाऊन तो प्रश्न विचारू या.

नमो बुद्धाय! जयभीम!