चेटकिणीचे लुगडे

गेले वर्षभर मी एक अद्भुत चित्रकथा रचीत आहे. मोबाईलवर भागाभागाने वाचावयाच्या या कथेत रान आहे, रानातील अदृश्य शक्ती आहेत आणि अर्थातच एक चेटकीणही होती. 'होती' असे म्हणण्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वेशभूषेचे पहिले पाठ मी झाडीपट्टी रंगभूमीकडून घेतले. दिवाळी सरली की वैनगंगेपलीकडील वडसा येथील नाट्यमंडळे गावोगावी निघतात व नाटके रात्रभर रंगतात. कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील सेवेबद्दल. मंडपात शेवटी बसलेल्या प्रेक्षकाला नटाच्या चेहऱ्यावरील बारकावे दिसत नाहीत. त्याला रंग आणि आकार तेवढे दिसतात. मोबाईलच्या इवल्याशा चौकटीचेही तेच आहे. म्हणून पात्र येताक्षणी ओळखू आले पाहिजे, हा नियम मी मनाशी पक्का केला.

त्या नियमाप्रमाणे मी चेटकीण काढली. वाकलेली पाठ, मोकळे पांढरे केस, ठिगळ लावलेले लुगडे आणि हातात काठी. वर्गमित्रांनी तत्काळ ओळखली. मी खूष झालो. घरी आजीला चित्र दाखविले, तेव्हा ती म्हणाली, "हे चेटकीन काहून? असा लुगडा त मी बी नेसतो!"

मी निरुत्तर झालो. मित्रांनी चेटकीण इतक्या लवकर का ओळखली, याचा विचार करता लक्षात आले की, ती माझ्या कुंचल्याची करामत नव्हती. म्हातारी, गरीब, एकटी बाई म्हणजे चेटकीण, हा समज त्यांच्या मनात आधीच होता. मी केवळ त्याला रंग दिला. आणि हा समज निरुपद्रवी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भरचौकात बांधून मारहाण झाली. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. परंतु कायदा मनातील चित्र पुसू शकत नाही. ते ज्यांनी काढले, त्यांनीच पुसावयाचे असते.

दुसरी चूक वेळीच टळली. रानातील दुष्ट राजाला मी मोरपिसांचा मुकुट व अंगाला राख देणार होतो. पण आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आदिलाबादकडील गोंड समाजात दिवाळीच्या सुमारास गुसाडी नर्तक हाच वेश धारण करतात, आणि त्या वेशातील माणसाला देवाचा मान असतो. ज्या वेशापुढे एक समाज हात जोडतो, तो मी खलपुरुषाला कसा चढवावा?

तेव्हा मी माणसांचे कपडे बाजूला ठेवले आणि आपण साऱ्यांनी पाहिलेले भय शोधले. ते म्हणजे वणवा. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि कधी ती आग रानभर पसरते. माझा नवा खलनायक 'वणव्या' करपलेल्या सागपानांचा झगा घालतो. झग्याचा काठ निखाऱ्यांचा. तो फक्त उन्हाळ्यात फिरतो आणि वनखात्याची जाळरेषा ओलांडू शकत नाही. वेश आणि दंतकथा दोन्ही एकाच गोष्टीतून निघाल्याने कथेला बळ आले, असे मला वाटते.

लुगडे नेसलेली म्हातारी मात्र मी कथेत ठेवली आहे. जाळरेषा कुठून जाते, हे तिला एकटीलाच ठाऊक आहे.

आजीने नवे चित्र पाहिले. काठी थोडी आखूड कर, एवढेच ती म्हणाली. मी केली.