पहिले गणकयंत्र आणि शेवटचा हप्ता

संगणकाची भाषा शिकू लागलेल्या नवशिक्याला पहिला मोठा स्वाध्याय दिला जातो तो बहुधा गणकयंत्राचा. दोन संख्या घ्यावयाच्या, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार यांपैकी एक क्रिया निवडावयाची आणि उत्तर पडद्यावर दाखवावयाचे. वीस-पंचवीस ओळींत काम उरकते व शिकणाऱ्यास आपल्याला आज्ञावली लिहिता येते असा विश्वास वाटू लागतो. त्या विश्वासाची खरी परीक्षा होते ती हेच गणकयंत्र पैशांच्या हिशेबाला जुंपल्यावर. म्हणूनच बँकेशी संबंध असणाऱ्या नवशिक्याने साध्या बेरजेवर न थांबता कर्जाचा समान मासिक हप्ता काढणारी आज्ञावली लिहून पाहणे अधिक बोधप्रद ठरते.

अशा अभ्यासासाठी ‘पायथन’ ही भाषा सोयीची आहे. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेली ही भाषा विनामूल्य मिळते. २००८ मध्ये आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीतही देता येतात. ‘व्याज = मुद्दल * दर’ अशी ओळ संगणक विनातक्रार स्वीकारतो. ‘इफ’, ‘प्रिंट’ यांसारखे भाषेचे मूळ शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.

पहिली ठेच लागते ती संख्या घेतानाच. कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथनच्या दृष्टीने मजकूर असते. त्यामुळे ५ आणि ३ यांची बेरीज ८ न येता ५३ येते, कारण संगणक दोन अक्षरे एकमेकांस जोडून मोकळा होतो. मजकुराचे संख्येत रूपांतर करण्याची आज्ञा द्यावी लागते. हे रूपांतर देवनागरी अंकांचेही होते, ही सुखद गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मात्र बँकेतील सवयीप्रमाणे कोणी ‘१,००,०००’ असे स्वल्पविरामासह लिहिले, तर आज्ञावली तेथेच थांबते. ग्राहकाला स्वल्पविराम देऊ नका असे बजावण्यापेक्षा रूपांतरापूर्वी ते गाळून टाकणारी एक ओळ लिहिणे केव्हाही शहाणपणाचे.

यापुढची अडचण अधिक खोल आहे. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली असता उत्तर येते ०.३०००००००००००००००४. हा यंत्राचा बिघाड नव्हे. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश हा अपूर्णांक ०.३३३… असा न संपणारा होतो. संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक-दशांशाची तीच गत होते. ठरावीक जागेत मावेल अशा जवळच्या संख्येत बदलून तो साठवला जातो. दहा पैसे म्हणजे रुपयाचा एक-दशांश, तेव्हा ही बाब हिशेबाशी थेट निगडित आहे.

एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यापासून आपला निर्देशांक सुरू केला. दिवसातून हजारो वेळा त्याची फेरमोजणी होई आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांश स्थळानंतरचा भाग जवळच्या अंकात न बदलता सरळ कापून टाकला जाई. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ वर उतरलेला दिसत होता. चूक दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ भरला! तेजीचा बाजार कागदावर निम्म्याने कोसळला होता, तो केवळ कापलेल्या शेपटांमुळे.

यावर पायथनमधील उपाय म्हणजे ‘डेसिमल’ हा संख्याप्रकार. तो दशमान पद्धतीनेच हिशेब करतो. मात्र त्याला ०.१ ही संख्या अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून द्यावी लागते. एरवी सदोष संख्याच त्याच्या हाती पडते आणि तो ती इमानाने जपून ठेवतो.

आता पूर्ण रुपयात आकडा बसविण्याचा प्रश्न. आपल्याकडे बँकांत व्याजाची रक्कम जवळच्या रुपयात घेतली जाते. ५० पैसे वा अधिक असल्यास वरचा रुपया, कमी असल्यास पैसे सोडून द्यावयाचे. ४१,२५० रुपयांवर द.सा.द.शे. १२ दराने एका महिन्याचे व्याज होते ४१२ रुपये ५० पैसे, म्हणजे खात्यावर ४१३. पण पायथनच्या ‘राउंड’ या आज्ञेस ४१२.५ दिल्यास ती ४१२ सांगते. बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेण्याचा तिचा नियम आहे. गंमत अशी, की या पद्धतीला इंग्रजीत बँकरांच्या नावानेच ओळखले जाते! ४१३.५ दिल्यास दोन्ही नियमांनी ४१४ हेच उत्तर येते, म्हणून दोन-चार उदाहरणे पाहून समाधान मानणाऱ्यास ही चूक सापडतही नाही. ‘डेसिमल’चाही मूळ नियम समअंकाचाच असल्याने ‘अर्ध्यास वर’ हा नियम स्पष्टपणे नमूद करावा लागतो.

एवढी तयारी झाल्यावर हप्त्याकडे वळता येते. मासिक दरात १ मिळवून त्या संख्येचा, जितके महिने तितका घात करावा. मुद्दल, मासिक दर आणि हा घात यांच्या गुणाकाराला घातातून १ वजा करून आलेल्या संख्येने भागावे. वार्षिक दर १२ टक्के असेल तर मासिक दर ०.०१ होतो. येथे १२ किंवा १ असाच आकडा घालणारे नवशिके पुष्कळ असतात. दर शून्य असल्यास छेदही शून्य होतो आणि आज्ञावली कोसळते. कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या बिनव्याजी सण-अग्रिमाचा हप्ता काढू जाणाऱ्यास याचा प्रत्यय येईल. अशा वेळी मुद्दलास महिन्यांनी भागण्याची वेगळी वाट आधीच आखून ठेवावी लागते.

एक लाख रुपये, १२ टक्के, १२ महिने हे उदाहरण घेतल्यास हप्ता येतो ८,८८४ रुपये ८८ पैसे, पूर्ण रुपयात ८,८८५. नवशिका येथे काम संपले असे समजतो. परंतु महिन्यागणिक तक्ता मांडून पाहावा. पहिल्या महिन्याचे व्याज १,०००, मुद्दलात जमा ७,८८५, शिल्लक ९२,११५. दुसऱ्या महिन्याचे व्याज ९२१ रुपये १५ पैसे, म्हणजे ९२१, आणि शिल्लक ८४,१५१. याच क्रमाने अकराव्या हप्त्यानंतर ८,७९६ रुपये उरतात. त्यांवर व्याज ८८ रुपये, एकूण देणे ८,८८४. बाराव्या महिन्यातही ८,८८५ वसूल केले, तर कर्जदाराचा एक रुपया जास्त घेतला जातो आणि संपलेल्या कर्जखात्यावर उणे एक रुपया शिल्लक दिसते. (प्रत्यक्षात व्याज दैनंदिन शिलकेवर आकारले जात असल्याने खातेउताऱ्यातील आकडे थोडे निराळे असतील. येथे प्रत्येक महिना समान धरला आहे.)

यासाठी आज्ञावलीत आणखी एक अट घालावी लागते. शिल्लक व त्या महिन्याचे व्याज यांची बेरीज ठरलेल्या हप्त्याहून कमी असेल किंवा महिना शेवटचा असेल, तर ती बेरीज हाच हप्ता. मग वरील कर्जाची एकूण परतफेड अकरा हप्ते ८,८८५ चे व एक ८,८८४ चा, मिळून १,०६,६१९ रुपये होते. ही अट नीट बसली की नाही हे ताडून पाहण्यास एका महिन्याचे कर्ज उपयोगी पडते. एक लाखावर उत्तर १,०१,००० आले पाहिजे आणि शिल्लक शून्य.