लाकडाच्या बाजारातील शब्द : एक परिचय

द्वितीय वर्ष, कला शाखा

कला शाखेच्या विद्यार्थिनीचा आणि लाकडाच्या वखारीचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु शब्द हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे, आणि वखारीत जेवढा व्यवहार लाकडाचा होतो तेवढाच शब्दांचाही होतो. सामान्य माणूस आयुष्यात एकदा घर बांधतो. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढतो. वखारीत 'सीपी', 'कमर्शियल', 'मरीन' असे शब्द कानांवर पडले की नुसती मान डोलावतो. त्याचे पैसे तेथेच जातात.

माझे वडील सुतारकाम करतात आणि कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. त्यामुळे हे शब्द मी आधी घरी ऐकले आणि मग ग्रंथालयात शोधले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लाकडाचे प्रत्येक नाव एखाद्याच प्रश्नाचे उत्तर देते आणि बाकीच्या प्रश्नांबाबत गप्प बसते. झाड कोणते, मोजले कसे, कापले कसे आणि चिकटवले कशाने, हे ते चार प्रश्न होत. त्याच क्रमाने हा परिचय करून देत आहे.

झाड कोणते?

'हार्डवुड' म्हणजे कठीण लाकूड आणि 'सॉफ्टवुड' म्हणजे मऊ लाकूड, असा अर्थ आपण सहज लावतो. तो चुकीचा आहे. ही विभागणी वनस्पतिशास्त्राची आहे. साग, ऐन, आंबा यांसारख्या रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते हार्डवुड. चीड, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवुड. म्हणून नखाने ओरखडा उठावा आणि आगकाड्या कराव्यात इतके मऊ सावरीचे लाकूड शास्त्राने हार्डवुड ठरते. उलट हिमालयातला देवदार शतकानुशतके मंदिरांत टिकलेला आहे, तरी तो सॉफ्टवुडच. आपल्याकडे मात्र खोक्यांच्या हलक्या फळ्यांना सरसकट 'देवदारी' म्हणतात. नाव देवाचे आणि माल खोक्याचा!

'सीपी टीक' हा शब्दही असाच. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. त्या प्रांताचे नाव 1950 साली नकाशावरून गेले. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून बल्लारशाच्या डेपोत येणारा साग बाजारात अजून सीपीच आहे. हे नाव फक्त प्रदेश सांगते. फळी सागाच्या गाभ्यातली की सालीलगतच्या पांढरट भागातली, हे ते सांगत नाही. वास्तविक सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. पांढरट भागाला कीड लवकर लागते.

मोजले कसे?

ओंडका मोजण्याची एक जुनी रीत अशी : दोरीने घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. एडवर्ड हॉपस या इंग्रज गृहस्थाने 1736 साली या मापाची कोष्टके छापली आणि इंग्रजी अमलाबरोबर ती आपल्याकडे आली. समजा, घेर चार फूट आणि लांबी दहा फूट आहे. घेराचा चौथा हिस्सा एक फूट, त्याचा वर्ग एक, गुणिले दहा. म्हणजे ओंडका दहा घनफूट झाला. पण वर्तुळाच्या सूत्राने हिशेब केला तर तोच ओंडका सुमारे पावणेतेरा घनफूट भरतो. ही फसवणूक नव्हे. ओंडका चौकोनी करताना जाणारा भाग आधीच वजा धरलेला असतो. मात्र शेताच्या बांधावरचा साग विकणाऱ्या शेतकऱ्याला आपला 'घनफूट' कोणता, हे ठाऊक असले पाहिजे.

सुताराचे स्वतःचे माप सूत. एका इंचाचे आठ सूत. 'सुतार' हा शब्दही सूत्र म्हणजे दोरी, याच शब्दाशी नाते सांगतो. आज दुकानात बोर्ड मागताना लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी मिलिमीटरमध्ये बोलतात : 'आठ बाय चार, एकोणीस एमएम'. हे एकोणीस मिलिमीटर म्हणजे जुने सहा सूतच होत. वडील एमएम ऐकतात आणि मनात सूत धरतात.

परदेशातही घोटाळा कमी नाही. अमेरिकेत 'लंबर' म्हणजे चिरलेले लाकूड. इंग्लंडात त्यालाच 'टिंबर' म्हणतात आणि 'लंबर' म्हणजे घरातली अडगळ! अमेरिकेतला 'दोन बाय चार' वासा प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरतो. वाळून आणि रंधून जे उरते ते कमी असते, नाव मात्र जुनेच राहिले.

कापले कसे?

ओंडका करवतीने चिरला की फळी, वासा, रीप मिळते. हे भरीव लाकूड. ते वाळताना आक्रसते, पण सगळीकडे सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ आक्रसत नाही. रुंदीत आक्रसते, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. ओल्या लाकडाची दारे पिळतात ती यामुळे.

'व्हेनिअर' म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. ओंडका भिजवून वा वाफवून यंत्रावर गरगर फिरवतात आणि लांब पात्याने, गुंडाळी उलगडावी तसा, त्याचा पापुद्रा सोलतात. शोभेचे व्हेनिअर मात्र काप काढल्यासारखे कापतात, म्हणजे लाकडाच्या रेषा सुंदर दिसतात. हा शब्द फ्रेंचमधून जर्मनमार्गे इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ पुरवणे, सजवणे. म्हणजे 'टीक प्लाय'मधला साग बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ पापुद्र्यापुरताच असतो. आणि 'सनमायका' तर लाकूडच नव्हे. ते एका कंपनीच्या मालाचे नाव. तशा सर्वच तक्त्यांना आता ते लागते, आणि हे तक्ते कागद व राळ दाबून बनवलेले असतात.

चिकटवले कशाने?

'प्लाय' म्हणजे घडी, थर. एका पापुद्र्याच्या रेषा उभ्या, तर पुढच्याच्या आडव्या, असे थर चिकटवले की प्लायवुड झाले. आडवा थर उभ्याला आक्रसू देत नाही, म्हणून बोर्ड सहसा पिळत नाही. थरांची संख्या तीन, पाच, सात अशी विषम ठेवतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना ताण सारखा राहतो. मध्ये पापुद्र्यांऐवजी लाकडी पट्ट्या भरल्या की तो ब्लॉकबोर्ड.

आत झाड कोणते, हे 'प्लायवुड' हा शब्द सांगत नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. ईशान्य भारतातले अनेक कारखाने थंडावले आणि हरियाणातील यमुनानगरला हा धंदा वाढला. तेथे शेतकऱ्यांनी लावलेले पॉप्लर आणि निलगिरी वापरतात.

खरा भेद गोंदाचा. बोर्डावरचे 'एमआर' म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. याला दुकानात 'कमर्शियल' म्हणतात. हा हवेतली दमट सहन करतो, पाणी नव्हे. मोरीशेजारच्या कपाटाला तो लावला की थर सुटतात आणि बोल सुताराला लागतो. मरीन प्लायवुड फेनॉलच्या राळेने चिकटवतात. त्याचे भारतीय मानक आयएस 710. त्यात नमुना बहात्तर तास उकळूनही थर सुटता कामा नयेत. सर्वसाधारण प्लायवुडचे मानक आयएस 303. नुसता आयएसआय शिक्का पाहून भागत नाही, त्यावरचा आकडाही वाचावा लागतो.

तात्पर्य, वखारीत 'चांगले लाकूड द्या' असे म्हणू नये. वरील चार प्रश्न एकेक करून विचारावेत आणि उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. कमी शिकलेल्या माणसाला एवढे संरक्षण शब्द देऊ शकतात. दुसरी विनंती आपल्या मराठी विभागास. सूत, गुण्या, रंधा, वाकस, पटाशी हे शब्द जाणणारे कारागीर आज आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसणे हाही भाषेचा अभ्यासच आहे. तो लवकर व्हावा, कारण आमच्याच आळीतली नवी मुले आता सूत म्हणत नाहीत, एमएमच म्हणतात.