टोल्युइनची टाकी आणि डाइकचा व्हॉल्व्ह

प्रश्न : अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत माझं रंगांचं छोटं युनिट आहे. टोल्युइन ड्रमऐवजी जमिनीवरच्या 10 हजार लिटरच्या टाकीत साठवायचं आहे. अग्निशमन दलाचा दाखला पुरेल का?
– एक उद्योजक, बदलापूर

उत्तर : नाही पुरणार. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट साधारण 4 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतही त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. 23 अंशांखालचे असे द्रव पेट्रोलियम नियम 2002 नुसार 'अ' वर्गात येतात. 2500 लिटरपर्यंत परवाना लागत नाही असं कुणी सांगेल. ती सवलत 'ब' वर्गाची. 'अ' वर्गाला विक्रीसाठी नसलेले फक्त 30 लिटर माफ आहेत. त्यामुळे परवाना तुमच्या ड्रमसाठ्यालाही लागत असणार, तो आधी तपासा. टाकीसाठी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडून ('पेसो') बांधकामापूर्वीच आराखडा मंजूर करून घ्या.

अर्थिंग, व्हेंटवरची ज्वालारोधक जाळी हे सारं आराखड्यात येईलच. माझा आग्रह डाइकचा आहे. टाकीभोवतीच्या या भिंतीत सर्वांत मोठ्या टाकीतला सगळा द्रव मावला पाहिजे. पावसाचं पाणी काढायचा व्हॉल्व्ह भिंतीबाहेर असावा आणि एरवी बंदच. 2009 मध्ये जयपूरच्या तेल डेपोत तो उघडा राहिला, पेट्रोल गटारात शिरलं, 11 जण गेले. टोल्युइनची वाफ हवेहून तिप्पट जड असते, नाल्यातून ती दूरवर सरकते. अंबरनाथचे नाले वालधुनीला मिळतात आणि ती उल्हासनगरच्या दाट वस्तीतून जाते. जुलैच्या मुसळधार पावसातही पाणी माणूस उभा करूनच सोडा, आणि व्हॉल्व्हला कुलूप लावून किल्ली शिफ्टच्या जबाबदार माणसाकडे द्या.