जामीन झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

मुखेड तालुक्यातला एक मजूर कामासाठी शेजारच्या जिल्ह्यात गेला आणि तिथं चोरीच्या गुन्ह्यात अडकला. न्यायालयाने जामीन मंजूर केला: 15,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. घरच्यांना वाटलं, सुटला. पुढचे कित्येक आठवडे तो तुरुंगातच होता.

धाकटा भाऊ कागद गोळा करत फिरला. चुलत्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा, मामाची जमीन सामाईक. एका ओळखीच्या शेतकऱ्याने तयारी दाखवली, तर ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे सुरू झाले. वर कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगितलं, बाहेरच्या जिल्ह्याचा माणूस चालत नाही. मग पैसे घेऊन जामीनदार उभा करून देणारा एक जण भेटला. गावातल्या जाणत्या माणसांनी वेळीच अडवलं म्हणून भाऊ त्यात फसला नाही. आता कुणावर अशी पाळी आली की तो पहिल्यांदा हेच बजावतो: विकतचा जामीनदार नको. अशा माणसाचे कागद बनावट निघाले तर सुटका राहते बाजूला आणि फसवणुकीचा नवा गुन्हा मानगुटीवर बसतो.

‘बाहेरच्या जिल्ह्याचा चालत नाही’ हे ऐकून माघारी फिरणं तर मुळीच बरोबर नाही. मोतीराम नावाच्या गवंड्याकडे मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्याने 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी ही अट खोडून काढली आणि मोतीरामला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला लावलं. उदगीरचा माणूस बिदरला किंवा देगलूरचा निजामाबादला पकडला गेला, तर त्याने तिथला जामीनदार आणायचा कुठून? इतका साधा प्रश्न आहे हा, तरी लोक आजही त्यापायी खितपत पडतात.

मुखेडच्या त्या मजुराला अखेर रस्ता सापडला तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. नांदेड असो की लातूर, जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण आहे. 15100 वर फोनही करता येतो. तिथल्या वकिलाने अट शिथिल करण्याचा अर्ज दिला. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी असं कायदाच म्हणतो, आणि जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून घेण्याची मुभाही न्यायालयाला आहे. मात्र हे तोंडी सांगून भागत नाही. घरात कमावतं कोण, जमीन किती, कर्ज किती, हे अर्जात लिहावं लागतं.

31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत स्पष्ट निर्देश दिले. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. तरीही घरच्यांनी वाट पाहत बसू नये. आठव्या दिवशी सचिवाच्या नावे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आणली. तेव्हाच्या सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याला जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत ठरली. निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. अमली पदार्थ, यूएपीए, भ्रष्टाचार आणि मनी लाँडरिंगचे गुन्हे यातून वगळले आहेत.

दंडाबाबतही पुष्कळ घरं अंधारात असतात. शिक्षा फक्त दंडाची असेल, तर न्यायालय 30 दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकतं. दंड न भरल्यामुळे भोगावी लागणारी कैद पैसे भरताच संपते. सगळी रक्कम जमली नाही, तरी बाकी राहिलेल्या रकमेच्या प्रमाणात कैद भोगून झालेली असेल तर माणूस सुटतो. म्हणून घरात थोडेफार पैसे आले की आधी वकिलाकडून हिशेब करून घ्यावा, रक्कम भरावी आणि पावतीची प्रत तुरुंगात पोचवावी.